अळवाची काढणी : किती पानं घ्यायची, किती ठेवायची?



श्रावण लागला की अळवाला मागणी वाढते. गणेश चतुर्थी, ऋषिपंचमीची भाजी, गौरीचा नैवेद्य, सगळीकडे अळू लागतं. भाव चढला की अख्खा वाफा कापून आणायचा मोह होतो. पण तसं केलं की एका दिवसाचे पैसे मिळतात आणि पुढचा महिनाभर त्या वाफ्यात नुसती पोरगेलेली, तळहाताएवढी पानं दिसतात. म्हणून आजचा संदेश शेवटपर्यंत वाचा.

*१) झाडाचा हिशेब समजून घ्या*
आपण विकतो पान. पण जमिनीतल्या गड्ड्याला पोसतं तेही पानच. पाऊस आणि ऊब चांगली असेल तर एका झाडाला साधारण ७ ते १० दिवसांत एक नवं पान उघडतं. म्हणजे १५ दिवसांत दोन पानं, हे झाडाचं उत्पन्न. त्यापेक्षा जास्त काढली तर आपण गड्ड्यातलं भांडवल खातो.

सोपा नियम : *प्रत्येक झाडावर मधली सुरळी आणि तिच्या शेजारची दोन उघडी पानं कायम ठेवायची.* त्याखालची घ्यायची. सुरळीला हात लावायचा नाही, ते उद्याचं पान आहे.

*२) पहिली काढणी कधी?*
लागवडीनंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी, झाडावर ५-६ पानं झाल्यावर. तारखेपेक्षा झाडाकडे बघा. पानं कमी असतील तर आठवडाभर थांबा. सुरुवातीला घाई केलेलं झाड पुढे लवकर जोर धरत नाही.

*३) कोणतं पान?*
• वडीसाठी : पूर्ण उघडलेलं, पण कोवळं. न फाटलेलं, भोक नसलेलं. शक्यतो काळ्या-जांभळट देठाचं अळू.
• भाजीसाठी (फदफदं) : हिरव्या देठाचं अळू, देठासकट. पान थोडं लहान-मोठं चालतं.
• जून, जाड, कडेने पिवळं पडलेलं पान जुडीत नको. एक जून पान पूर्ण जुडीचा भाव पाडतं.

*४) कसं कापायचं?*
• सकाळी लवकर, पण पानावरचं पाणी निथळल्यावर. भर उन्हात कापलेलं पान तासाभरात मान टाकतं, आणि ओलं बांधलेलं पान जुडीत सडतं.
• देठ ओढून काढू नका. पावसात माती भुसभुशीत असते, ओढलं की मुळं हलतात, कधी गड्डाच वर येतो. धारदार विळ्याने जमिनीपासून दोन-तीन बोटं वर कापा.
• हाताला खोबरेल तेल लावा, जुने कपडे घाला. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानेच खाज येते. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. डोळ्यांना हात लावू नका.

*५) करपा दिसला तर*
पानावर पाण्यात भिजल्यासारखे गोल तपकिरी डाग म्हणजे करपा. सततच्या पावसात तो पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. आधी निरोगी झाडांची काढणी उरका, रोगट पानं सगळ्यात शेवटी कापा. ती वेगळ्या घमेल्यात घेऊन वाफ्यापासून लांब पुरून टाका. बांधावर टाकू नका. विळा धुऊन, पुसूनच दुसऱ्या वाफ्यात जा.

*६) फवारणीबाबत स्पष्ट सांगतो*
अळवाचं पान आज कापलं की उद्या ताटात. डब्याच्या लेबलवर या पिकाचं नाव नसेल तर ते औषध मारू नका. लेबलवर काढणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके थांबा आणि फवारणीची तारीख वहीत लिहून ठेवा. पानाच्या मागे अळीची अंडीपुंज दिसली तर ते पानच तोडून नष्ट करा. मावा थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

तसंच, न्हाणीच्या किंवा गटाराच्या पाण्यावर वाढलेलं अळू संकलनाला आणू नका. परसात ते जोरात येतं हे खरं, पण त्या पाण्यात साबण आणि घाण असते, आणि पान लोकांच्या पोटात जातं.

*७) सणासाठी वाफे वाटून घ्या*
सगळ्या वाफ्यांची काढणी एकाच दिवशी नको. प्लॉटचे तीन भाग करा. दर ५ दिवसांनी एक भाग कापा. प्रत्येक भागाला १५ दिवसांची विश्रांती मिळते आणि माल सतत निघतो. चतुर्थीपासून उलटे दिवस मोजा : एक भाग चतुर्थी-ऋषिपंचमीच्या बाजारासाठी आणि दुसरा गौरीच्या जेवणासाठी तयार राहील असं बघा. चढ्या भावात दोनदा माल विकता आला तर एकदाच सगळं कापण्यापेक्षा पदरात जास्त पडतं.

*८) काढणीनंतर*
• माल लगेच सावलीत न्या. एका मापाची पानं एकत्र, देठ एका बाजूला करून जुडी बांधा. केळीच्या सोपाने बांधलं तर देठ चिरत नाही.
• क्रेटमध्ये खाली केळीचं पान, वर ओलसर गोणपाट. जुड्या दाबून भरू नका, पान फाटलं की वडीचा माल भाजीच्या भावात जातो.
• वाफ्यातलं तण काढा, कुजलेलं शेणखत टाकून झाडाला मातीची भर द्या. पाणी तुंबू देऊ नका.

घरी खाण्यासाठी ठेवाल तर चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा. अर्धवट शिजलेलं अळू घशाला खाजतंच.

*थोडक्यात :* सुरळी आणि दोन पानं झाडावर, बाकीची जुडीत. एवढं पाळलं तर पावसाळाभर तोच वाफा पैसे देत राहील.

पानावर डाग किंवा कीड दिसली तर पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो गटावर टाका. सणाच्या आठवड्यात किती जुड्या देऊ शकाल तेही आधी कळवा, म्हणजे गाडीचं आणि क्रेटचं नियोजन करता येईल.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी