गेमिंग कंपनीतील नोकरी : होकार देण्यापूर्वी काय तपासावे?

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावातील मुले-मुलीही आता सांगली-मिरजेत संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईच्या गेमिंग कंपन्यांकडे अर्ज करतात. घरी विचारले तर उत्तर मिळते, "मोबाईलवरचे खेळ बनवणारी कंपनी आहे, पगार चांगला आहे." एवढ्यावर कोणी होकार देऊ नये. कापड घेताना आपण सुताचा काउंट विचारतो, पन्हा मोजतो, रंग पक्का आहे की कच्चा ते पाहतो. मुलाची उमेदीची वर्षे कापडाच्या गाठीपेक्षा नक्कीच मोलाची आहेत. म्हणून या धंद्यात काम करणाऱ्यांना आजवर काय अनुभव आले, ते व्यापाऱ्याच्या नजरेने येथे मांडत आहे.

एक नाव, तीन धंदे

गेमिंग या एकाच पाटीखाली तीन वेगवेगळे धंदे चालतात. नोकरी सुखाची की जाचाची, हे बरेचसे यावरच ठरते.

पहिला धंदा स्वतःच्या मालाचा. कंपनी आपल्या कल्पनेने खेळ तयार करते आणि विकते. खेळ चालला तर नाव आणि पैसा दोन्ही मिळतात. पडला तर पुढचा पगार भांडवलदाराच्या मर्जीवर असतो.

दुसरा धंदा जॉबवर्कचा. इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणून देतो. यंत्रमाग त्याचा, पण माल दुसऱ्याचा. गेमिंगमध्येही परदेशातील मोठ्या कंपनीच्या खेळाचा एखादा भाग, चित्रे किंवा तपासणी आपल्याकडे होते. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ साली गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ काढला. २०२० साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या जुन्या खेळाची नवी आवृत्ती पुणे-मुंबईचे स्टुडिओ करीत असल्याचे जाहीर झाले. हे काम मजुरीचे नव्हते, मुख्य जबाबदारी आपल्याकडच्या मुलांवर होती. खेळ जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तारीख दोनदा पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपविण्यात आले. शाखा आपल्या गावची असली तरी मालाचा निर्णय मूळ पेढीवर होतो, हा यातील धडा.

तिसरा धंदा पैसे लावून खेळायच्या खेळांचा. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

काम नेमके काय असते?

खेळ बनविणे म्हणजे दिवसभर खेळणे नव्हे. कोणी प्रोग्रॅम लिहितो, कोणी चित्रे काढतो, कोणी पात्रांना हालचाल देतो, कोणी नियम व टप्पे ठरवितो. नवख्या मुलाला बहुधा टेस्टरचे, म्हणजे तपासणीचे काम मिळते. कारखान्यात टेबलावर कापड पसरून तुटका धागा, डाग, भोक शोधणारा माणूस असतो, तसाच हा. एकाच खोलीच्या भिंतीला शेकडो वेळा धडकायचे, एकच उडी पुन्हा पुन्हा मारायची, स्वस्त-महाग अनेक मोबाईलवर खेळ चालवून पाहायचा आणि दोष कसा आला याची नोंद लिहायची. या कामाला चिकाटी लागते. पण धंद्यात त्याची किंमत कमी धरली जाते आणि कपात आली की पहिला नंबर बहुधा त्याचाच लागतो.

अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीत डिसेंबर २०२१ मध्ये कंत्राटी टेस्टरांना कमी करण्यात आले. त्यांतील काहीजण कामासाठी बिऱ्हाड हलवून आले होते. उरलेल्या सहकाऱ्यांनी काम बंद केले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी आपली संघटना उभी केली. मुलगा टेस्टर म्हणून जात असेल तर तो कंपनीच्या हजेरीपटावर आहे की मधल्या कंत्राटदाराच्या, हे आधी विचारावे.

घाईचा हंगाम

ईद-दिवाळीच्या तोंडावर आपली दुकानेही उशिरापर्यंत उघडी असतात. शिंप्याच्या घरी चांदरातीला मशीन थांबत नाही. पण सण झाला की उसंत मिळते. गेमिंगमध्ये खेळ बाजारात येण्याआधीच्या घाईला 'क्रंच' म्हणतात. ही घाई कधी आठवडे, कधी महिने चालते. २००४ साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या पत्नीने आपले नाव न देता पत्र प्रसिद्ध केले. आठवड्याचे सातही दिवस सकाळी ९ ते रात्री १० पर्यंत काम चालते आणि जादा कामाचे पैसे मिळत नाहीत, अशी तिची तक्रार होती. पुढे कर्मचाऱ्यांनी लावलेल्या दाव्यांत कंपनीला २००५ मध्ये १ कोटी ५६ लाख डॉलर आणि २००६ मध्ये १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आवडीचे काम आहे म्हणून मुले तक्रार करीत नाहीत, हेच मालकाच्या पथ्यावर पडते.

नमुन्याचे पुस्तक

या धंद्यात पदवीपेक्षा केलेल्या कामाचा नमुना पाहतात. परंतु कंपनी गुप्ततेच्या करारावर सही घेते. खेळ प्रसिद्ध होईपर्यंत त्यातील एक चित्रही बाहेर दाखविता येत नाही. खेळ मध्येच रद्द झाला तर तीन वर्षांच्या मेहनतीनंतरही हात रिकामे राहतात. म्हणून कंपनीच्या कामाबाहेर, करारात मुभा असल्यास, स्वतःचे छोटे खेळ व चित्रे करून ठेवावीत. हुन्नर आपल्या हातात असले तर पेढी बदलली तरी रोजी चालते.

पैसे लावायचे खेळ

रमी, पोकर, काल्पनिक क्रिकेट संघ यांवर पैसे लावून घेणाऱ्या कंपन्या स्वतःला गेमिंग कंपन्याच म्हणवीत. "हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ" असे त्यांचे म्हणणे असे आणि काही न्यायालयीन निकालांचा त्यांना आधारही होता. त्यांनी पगार भरघोस दिले. मुंबईच्या ड्रीम११ ने २०२३ साली भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखावर नाव झळकविण्यासाठी तीन वर्षांचा ३५८ कोटी रुपयांचा करार केला होता.

या इमारतीला पहिला तडा २०२३ मध्ये गेला. लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आकारण्याचे ठरताच एमपीएल या कंपनीने ऑगस्टमध्ये सुमारे ३५० जणांना कमी केले. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ई-स्पोर्ट्स व साधे करमणुकीचे खेळ यांना त्यात मुभा ठेवली आणि पैशाच्या खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड ठेवला. काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी हे खेळ थांबविले. ड्रीम११ ने क्रिकेट संघाचा करार मुदतीआधी सोडला. एमपीएलने भारतातील सुमारे ६० टक्के नोकर कमी करण्याचे ठरविले. त्या मुलांच्या कामात खोट नव्हती. ती ज्या मालावर बसली होती तो मालच बाजारातून उठला.

आपल्या दीनात जुगाराच्या कमाईविषयी काय सांगितले आहे, ते वाचकांना ठाऊक आहे. नोकराच्या पगाराबाबत शंका असेल तर जाणत्या आलिमांना विचारावे. पण निव्वळ व्यवहार पाहिला तरी गिऱ्हाईक हरल्यावाचून ज्या गल्ल्यात भर पडत नाही, त्या गल्ल्यात बरकत कितीशी टिकणार?

पगाराचा खरा आकडा

वर्षाला ६ लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला ५० हजार, असा हिशेब करू नये. समजा त्यांत कामगिरीवर अवलंबून असलेले ६० हजार, कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी २१,६०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद १४,४०० धरली आहे. उरले ५,०४,०००, म्हणजे महिना ४२ हजार. त्यातून मुलाचा स्वतःचा निधी १,८०० व व्यवसाय कर २०० गेला की हाती ४० हजार येतात. पुण्याचे घरभाडे व जेवण यातूनच जाते. घराचे किंवा गाडीचे कर्ज या ४० हजारांवर मोजावे, ५० वर नव्हे.

सही करण्यापूर्वीचे सहा प्रश्न

१) कंपनीचे उत्पन्न कशातून येते? खेळाची विक्री, जाहिराती, जॉबवर्क की लावलेला पैसा?

२) नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आहे, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे.

३) नोटीस किती दिवसांची आहे आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे काय?

४) जादा कामाचा मोबदला पैशात, सुटीत की नुसत्या शाबासकीत?

५) नोकरी सोडल्यास दंड भरण्याची अट आहे काय?

६) कंपनी बंद पडली वा कमी केले तर हिशेब केव्हा मिळेल? नव्या वेतन संहितेप्रमाणे शेवटचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे आहे.

नोकरी देण्यासाठी जो आधी अनामत मागतो, त्याच्या दारात मुळीच उभे राहू नये.

आपल्या भागातील गलाईवाले देशभर पसरले. तेथे नवा मुलगा गावच्याच माणसाच्या हाताखाली काम शिकतो, कुरबुर झाली तर गावात मिटते. गेमिंग कंपनीचा मालक कधी पॅरिसला, कधी अमेरिकेत असतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही मोठी गेमिंग कंपनी विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेमिंग विभागातून १,९०० नोकर कमी केले. अशा मालकाशी ओळख निघत नाही, तेथे कागदच आपला जामीन असतो. म्हणून मुलांना या क्षेत्रापासून अडवू नये, हुन्नर मोठे आहे आणि पुढे कामही आहे. मात्र नेमणूकपत्र घरात आले की ते कपाटात ठेवण्याआधी बापाने व मुलाने शेजारी बसून ओळ न ओळ वाचावे आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम साठेपर्यंत नवे कर्ज अंगावर घेऊ नये.