एक धनी, दोन क्रमांक

अक्कलकुव्याच्या परिसरांत पुष्कळ मुलांस घरीं एका नांवानें हांक मारितात व शाळेच्या हजेरीपटांत नांव निराळेंच असतें. दोन्ही नांवें एकाचींच, हें गुरुजींस ठाऊक नसेल, तर एकाची वही दुसऱ्याच्या हातीं जाते. संगणकांतही हाच प्रश्न उद्भवतो. 'विंडोज' व 'युनिक्स' या दोन निराळ्या पद्धतींचीं यंत्रें एकाच ठिकाणच्या फाइली वापरूं लागलीं, म्हणजे इकडील खातेदार तो तिकडील कोण, हें ठरवावें लागतें. तें कसें ठरवितात, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, संगणक फाइलीवर धन्याचें नांव लिहीत नाहीं, क्रमांक लिहितो. युनिक्सचा क्रमांक साधा असतो. सर्वाधिकारी खात्याचा 0 व इतरांचे त्यापुढील. विंडोजचा क्रमांक लांबलचक असतो. त्याच्या पूर्वभागावरून खातें कोणत्या नोंदवहींतील हें कळतें, व शेवटच्या आंकड्यावरून व्यक्ति कळते. या दोहोंमध्यें दुभाषी लागतो. ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं 1992 च्या सुमारास आरंभिलेली 'सांबा' ही प्रणाली तें काम करिते. तिच्या तीन रीति मुख्य आहेत.

पहिली रीत अशी कीं, जो खातेदार प्रथम येईल त्यास पुढील मोकळा क्रमांक द्यावा व तो टिपून ठेवावा. ही सोपी खरी. परंतु टिपण त्या एकाच यंत्रावर राहतें. दुसऱ्या यंत्रावर त्याच माणसास निराळा क्रमांक मिळतो. आणि टिपण नष्ट झाल्यास फाइलींचे धनी बदलतात.

दुसरी रीत गणिताची. आरंभ 10000 धरिला, तर ज्याचा शेवटचा आंकडा 1107 त्यास 11107 मिळतो. कोणत्याही यंत्रावर उत्तर तेंच येतें. मात्र दोन नोंदवह्यांत 1107 चे दोन खातेदार असूं शकतात. म्हणून प्रत्येक नोंदवहीस निराळा आरंभ व निराळी मर्यादा द्यावी लागते.

तिसऱ्या रीतींत युनिक्सचा क्रमांक विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहींतच लिहितात. श्रम अधिक, परंतु जुने क्रमांक जसेच्या तसे राखतां येतात.

रीत कोणतीही असो, एकास दिलेला क्रमांक पुन्हां दुसऱ्यास देऊं नये. विंडोजची नोंदवही तो नियम स्वतःच पाळते. युनिक्समध्यें तो व्यवस्थापकानें पाळावा. नाहींतर शाळा सोडून गेलेल्या मुलाचे निबंध, त्याचा क्रमांक मिळालेल्या नवागताच्या मालकीचे होतात, आणि शिक्षकाची प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वींच विद्यार्थ्यापुढें उघडते!

हा नियम आमच्या जिल्ह्यास अपरिचित नाहीं. शहादे तालुक्यांतील टेंभली गांवीं 29 सप्टेंबर 2010 रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक वाटण्यांत आले. तो बारा आंकडी क्रमांक एकदां दिला कीं पुन्हां दुसऱ्यास द्यावयाचा नाहीं, असें 2016 च्या कायद्यांत स्पष्ट सांगितलें आहे. नांवें सारखीं असतात, बदलतातही. ज्याचें त्यास मिळावें, म्हणून क्रमांक जपावा लागतो.

विद्यार्थ्यांनीं हें सोडवावें: एका नोंदवहीचा आरंभ 10000 व दुसरीचा 11000 धरिला, तर पहिलींतील 1107 व दुसरींतील कोणता आंकडा एकाच क्रमांकावर येतील?