बर्फातली हरणे आणि आपली दया

भुकेल्याला अन्न देणे हे पुण्याचे काम, असे आपण घरी शिकतो. रानातल्या प्राण्यांनाही हाच नियम लावता येईल का? अमेरिकेतील वायोमिंग राज्यातले एक उदाहरण पाहू.

तेथे जॅक्सन गावाजवळच्या खोऱ्यात एल्क नावाची मोठी हरणे हिवाळ्यात डोंगरावरून उतरतात. काश्मीरच्या हंगुलचे हे जवळचे भाऊबंद. हिवाळा सरत येईपर्यंत त्यांच्या अंगातली चरबी बरीच खर्ची पडते. त्यातच बर्फ वितळून पुन्हा गोठला, की गवतावर टणक थर बसतो आणि तो खुरांनी उकरणे कठीण होते. शिवाय खोऱ्यात शेती व वस्ती वाढल्याने चरण्याची जागाही आटली होती. १९०९ ते १९११ च्या सुमारास हजारो एल्क भुकेने मेले. लोकांनी त्यांना वाळके गवत घातले आणि १९१२ मध्ये तेथे राष्ट्रीय एल्क अभयारण्य स्थापन झाले. पुढे लसूणघासाच्या गोळ्याही देऊ लागले. चाऱ्यापाशी हजारो हरणे जमू लागली. जीव वाचले, पण गर्दी झाली.

गर्दीत रोग पसरतो. हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग लाळ व मलमूत्रातून पसरतो आणि त्याचे विष मातीत अनेक वर्षे टिकते. २०२० मध्ये शेजारच्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातील एका एल्कला तो झाल्याचे आढळले.

चारा एकदम बंद करावा तर उपासमार, चालू ठेवावा तर रोगाची भीती! म्हणून चारा हळूहळू कमी करण्याची योजना २०१९ मध्ये आखण्यात आली.

आणखी एक गोष्ट. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव अन्न पचवतात. काड्या-डहाळ्यांवर जगणाऱ्या हरणाने अचानक भरपूर मका खाल्ला, तर पोटात आम्ल वाढते आणि भरल्या पोटी ते मरू शकते.

पालकांनाही विनंती, सहलीत हरणांना पोळी किंवा बिस्किटे घालू नयेत. प्राण्याची खरी सेवा म्हणजे त्याचे कुरण आणि त्याची वाट मोकळी ठेवणे.

स्वाध्याय
१. हिवाळा सरताना एल्कची उपासमार का होते?
२. चारा एकदम बंद का करता येत नाही?
३. आपल्या गावात प्राण्यांना कोण काय खाऊ घालते? त्याचे बरे-वाईट परिणाम पाच ओळींत लिहा.