पिल्लाआधी त्याच्या आजोबांची चौकशी करा

डॉबरमनचं पिल्लू घ्यायचं ठरवलेला माणूस मला फोन करतो, तेव्हा त्याचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. किंमत किती पडेल, नर बरा की मादी, कान कापलेलं घ्यावं का, युरोपियन लाइनचं कुठे मिळेल. मी सगळ्यांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक सांगतो. ज्याच्याकडून पिल्लू घेताय त्याला विचारा, या पिल्लाचे दोन्हीकडचे आजोबा किती वर्षांचे होऊन गेले आणि कशाने गेले. त्याला हे सांगता येत नसेल, तर पिल्लू बघायलाच जाऊ नका. एकदा ते हातात घेतलं की सगळे प्रश्न विसरायला होतं.

हे शहाणपण मला आमच्या डॉबरमनच्या, सुलतानच्या, जाण्याने आलं. साताऱ्याजवळ आमचं घर आहे, भोवती मोकळी जागा. सुलतानला सहावं लागलं होतं. अंगावर जादा चरबी नाही, केस चकचकीत, लसी वेळच्या वेळी झालेल्या. थोड्याच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून तब्येत फर्स्ट क्लास आहे म्हणून सांगितलं होतं. एका सकाळी तो कुंपणालगत मुंगसामागे धावला आणि वळताना त्याचे पुढचे पाय दुमडले. मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. गाडीत घालेपर्यंत सगळं संपलं होतं.

शेजारी म्हणाले सापाचं काम, कुणी म्हणालं विष घातलं असेल. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं आणि मला आत बोलावून हृदय दाखवलं. ते फुगून सैल पडलं होतं आणि त्याची भिंत इतकी पातळ झाली होती की चिमट्याने दाबताच आत गेली. “डायलेटेड कार्डिओमायोपॅथी,” ते म्हणाले. “या जातीत फार आहे.”

त्या संध्याकाळी मी ज्यांच्याकडून सुलतानला आणलं होतं त्यांना फोन केला. ते मनापासून हळहळले, आणि बोलता बोलता म्हणाले, “याचा बापही असाच पळता पळता गेला हो. उन्हाचा त्रास झाला असणार. आजोबाचं काय ते मला ठाऊक नाही.” सुलतानच्या बापापासून त्यांनी अनेक पिलावळी काढल्या होत्या. हा माणूस खोटारडा नव्हता. त्यांची जागा स्वच्छ, कुत्र्यांचं खाणंपिणं उत्तम, केनल क्लब ऑफ इंडियाचे कागद चोख. त्यांनी फक्त एकाही कुत्र्याचं हृदय कधी तपासून घेतलं नव्हतं, आणि जे मेले त्यांचं मरण कशाचं हे शोधलं नव्हतं. प्रेमाने कुत्रे पाळणारा आणि जबाबदारीने कुत्रे पैदा करणारा यांत हे अंतर आहे. घेणाऱ्याने नेमकं तेच जोखायला हवं.

हा आजार किती पसरलेला आहे याचा अंदाज आपल्याकडे फार थोड्यांना असतो. म्युनिकच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी चारशेहून अधिक डॉबरमन वर्षानुवर्षं तपासून 2010 साली निष्कर्ष मांडले. आयुष्यात कधी ना कधी हा आजार होण्याचं प्रमाण त्यांना 58 टक्के आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. शिवाय हे कुत्रे युरोपातले होते. त्यामुळे “युरोपियन लाइन आहे, हार्टचा प्रॉब्लेम येत नाही” असं सांगून कुणी दुप्पट किंमत मागत असेल, तर त्याला या जातीची मूलभूत माहितीही नाही असं खुशाल समजा.

आजाराची चाल फसवी आहे. हृदयाचा स्नायू हळूहळू दुबळा होतो, कप्पे ताणले जातात, मधूनच चुकीचे ठोके पडू लागतात. हे दोन-तीन वर्षंही चालू शकतं आणि त्या काळात कुत्रा खातो, पळतो, भुंकतो, सगळं नेहमीसारखं. काहींना पुढे धाप लागते, खोकला येतो, पोटात पाणी होतं. काहींच्या बाबतीत पहिलं लक्षण म्हणजेच मृत्यू. स्टेथोस्कोपने सुरुवातीची अवस्था बहुतेक वेळा कळत नाही. दवाखान्यातल्या दोन मिनिटांच्या ईसीजीतही ती निसटते, कारण चुकीचे ठोके दिवसभरात विखुरलेले असतात. त्यासाठी दोन तपासण्या लागतात आणि दोन्ही लागतात. एक टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दुसरी होल्टर: छातीचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवायचे, वर जाकीट घालायचं आणि चोवीस तासांचा प्रत्येक ठोका नोंदवून घ्यायचा. चोवीस तासांत चुकीचे ठोके पन्नासाच्या वर गेले की शंका घ्यायची, तीनशेच्या वर गेले की आजार धरूनच चालायचं.

म्हणून ब्रीडरला “आईबाप हेल्दी आहेत ना?” असं विचारू नका. हो म्हणायला काय जातं? असं विचारा: आईचा आणि बापाचा शेवटचा इको आणि होल्टर कधी झाला? रिपोर्ट बघू. रिपोर्टवर कुत्र्याचा मायक्रोचिप नंबर आहे का, तो केनल क्लबच्या कागदावरच्या नंबराशी जुळतो का, तारीख वर्षाच्या आतली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. रिपोर्ट मागितला म्हणून जो रागावतो त्याच्याकडे तो नसतो.

इथे आणखी एक खाच आहे आणि तिच्यात चांगले चांगले अडकतात. दोन वर्षांच्या मादीचा इको-होल्टर स्वच्छ आला, याचा अर्थ आज तिला आजार दिसत नाही, एवढाच. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या शिफारशी तपासण्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी करा असं सांगतात, कारण आजार बहुधा मध्यम वयात उगवतो. मादीला पहिली पिल्लं होतात तेव्हा तिचं स्वतःचं भवितव्य कुणालाच माहीत नसतं. मग भरवसा ठेवायचा तो मागच्या पिढीवर. आपल्याकडे स्थळ बघताना आजोळापर्यंत चौकशी करतात, तशी इथे करायची. आजी दहा वर्षांची होऊन गेली का? आजोबा आहेत का? मावश्या, काका, मागच्या पिलावळीतली भावंडं कशी आहेत? सात-आठ वर्षांचा, अजूनही स्वच्छ रिपोर्ट असलेला नर बाप म्हणून वापरणारा ब्रीडर सापडला, तर त्याच्याकडे नाव नोंदवून खुशाल वर्षभर थांबा. दोन वर्षांच्या चँपियन नराची पन्नास पिल्लं बाजारात येतात आणि तो सहाव्या वर्षी कोसळतो, तोवर त्या पिल्लांनाही पिल्लं झालेली असतात. या जातीचं खरं दुखणं तिथे आहे.

जनुकीय चाचण्यांचे कागदही हल्ली दाखवले जातात. त्या कराव्यात, पण हृदयाच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये. अमेरिकेत सापडलेला एक जनुकीय बदल युरोपातल्या डॉबरमनमध्ये तपासला, तेव्हा त्याचा आजाराशी तसा संबंध दिसला नाही. डीएनए क्लिअर असलेला कुत्राही आजारी पडू शकतो. त्यामुळे डीएनएचा कागद हा इको-होल्टरला पर्याय होत नाही.

जिथे डीएनए चाचणीचा खरोखर उपयोग होतो तो आजार म्हणजे फॉन विलेब्रँड. त्यात रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन कमी पडतं. एरवी पत्ता लागत नाही, पण नसबंदीच्या वेळी किंवा मोठ्या जखमेत रक्त थांबत नाही. आईबापांपैकी एक जरी क्लिअर असला तरी पिल्लाला दोन्हीकडून दोष मिळत नाही. पिल्लाचा निकाल हाती नसेल, तर कुठल्याही शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. थायरॉईड, मानेच्या मणक्यांचं वॉब्लर आणि खुबा यांचीही चौकशी करा.

रंगाबद्दल स्पष्टच बोलतो. काळा-तांबूस आणि चॉकलेटी-तांबूस हे दोन रंग घ्या. निळा आणि फिकट बदामी हे रंग रंगद्रव्य विरळ करणाऱ्या जनुकामुळे येतात आणि अशा बऱ्याच कुत्र्यांचे केस पुढे झडतात, कातडी कोरडी पडते, पुरळ उठत राहतं. पांढरा डॉबरमन तर घेऊच नका. तो अल्बिनिझमचा प्रकार आहे: डोळ्यांना ऊन सोसत नाही, कातडीवर गाठींचा धोका. आपल्या उन्हाळ्यात त्या जिवाचे किती हाल होतील! दुर्मीळ म्हणून त्याची जास्त किंमत लावणाऱ्याला जातीची काहीही पडलेली नाही.

कानाशेपटीबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्या जर्मनीत ही जात तयार झाली तिथे कान कापणं 1987 पासून आणि शेपूट कापणं 1998 पासून बंद आहे. तिथले डॉबरमन लोंबते कान आणि लांब शेपूट घेऊन उत्तम राखण करतात. शेपूट जन्मानंतर तीन-चार दिवसांतच कापतात, म्हणजे तुम्ही पिल्लू बघायला जाता तेव्हा बोलून उपयोग नसतो. अखंड पिल्लू हवं असेल तर मादी गाभण असतानाच सांगून ठेवा.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घरी आणू नका. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान पैदास आणि विक्रीच्या नियमांत तशी मनाईच आहे. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि मादी दीड वर्षाची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. पस्तीस दिवसांचं पिल्लू “लवकर नेलं की लळा लागतो” म्हणून गळ्यात घालणारे पुष्कळ आहेत. लळा तर लागतोच, पण आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकायचे दिवस तेच असतात. पुढे चाळीस किलोचा होणारा कुत्रा ते न शिकता घरात आला, तर लहान मुलांच्या घरात त्याचे परिणाम दिसतात. शिवाय पार्वो. रॉटवायलर आणि डॉबरमन यांच्या पिल्लांना पार्वोचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो हे डॉक्टरांना ठाऊक आहे. एक लस झाली म्हणून रस्त्यावर नेऊ नका, सोळा आठवड्यांपर्यंतचे सगळे डोस पूर्ण होऊ द्या.

आईला भेटल्याशिवाय पिल्लू पसंत करू नका. आपोल्डा गावचा कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान हा करवसुलीचं काम करायचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला सोबतीला धाडसी, पण माणसाला धरून राहणारा कुत्रा हवा होता. ते आजही आईत दिसायला हवं. परका माणूस आल्यावर ती भुंकेल, रोखून बघेल, ते ठीक. मालकाने सांगितल्यावर तिने शांत व्हायला हवं आणि थोड्या वेळाने तुमचा हात हुंगायला यायला हवं. कोपऱ्यात दबून गुरगुरणारी किंवा साखळीला हिसके देत राहणारी आई पाहिली, तर निघून या. भित्रेपणा पिल्लांत उतरतो आणि भित्रा डॉबरमन हा धीट डॉबरमनपेक्षा कितीतरी धोक्याचा. दोन भाऊ एकत्र घेण्याचा मोहही टाळा. या जातीत वयात आलेले दोन नर एका घरात नीट नांदणं कठीण असतं, आणि जाणता ब्रीडर तुम्हाला असे दोन देणारच नाही.

सुलताननंतर आणलेल्या आमच्या रेवाच्या वेळी आम्ही पुण्याकडच्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी पिल्लं दाखवण्याआधी आमचीच उलटतपासणी घेतली. घर स्वतःचं की भाड्याचं, कुत्रा रात्री कुठे झोपणार, दिवसभर घरी कोण असतं, आधीचा कशाने गेला. सुलतानचं सांगितल्यावर त्यांनी आत जाऊन एक जाड फाइल आणली. त्यात त्यांच्या प्रत्येक कुत्र्याचं पान होतं, आणि जे गेले त्यांच्या पानावर वय आणि कारण लिहिलेलं. एका पानावर मला तोच आजार दिसला. मी बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “हो, ही या पिल्लांच्या आजीची सख्खी बहीण. त्यानंतर त्या बहिणीच्या बाजूचं मी पुढे काही वापरलं नाही.” या जातीत आजार अजिबात नसलेलं घराणं कुणाकडे नाही. आजार लिहून ठेवणारा आणि न विचारता दाखवणारा माणूस मात्र सापडतो. त्यांच्या करारात एक कलम होतं: काहीही कारणाने कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर तो त्यांच्याकडेच परत द्यायचा, कुठल्याही वयात. असं कलम नसेल तर घालून मागा.

पिल्लू घरी आल्यावरचा खर्चही आधीच धरा. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी इको आणि होल्टर. सगळीकडे ही सोय नाही, आम्हाला पुण्याला जावं लागतं. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लक्षणं दिसण्याआधीच आजार पकडून पिमोबेंडान हे औषध सुरू केलेल्या डॉबरमनना हृदय निकामी होण्याआधी किंवा अचानक मृत्यू येण्याआधी मध्यमानाने 718 दिवस मिळाले, औषध न मिळालेल्यांना 441. नऊ महिन्यांचा हा फरक वेळेवर तपासणी केली तरच पदरात पडतो.

आणि रिपोर्ट कसाही आला तरी तो ब्रीडरला पाठवा. रेवाचा मी पाठवतो. गेल्या वर्षी तिच्या एका भावाच्या होल्टरमध्ये चुकीचे ठोके सापडले. त्याच आठवड्यात बाईंनी त्या पिलावळीतल्या प्रत्येक घरी फोन केले, आम्हालाही, आणि होल्टर लवकर करून घ्यायला सांगितलं. रेवाच्या आईपासून पुन्हा पिल्लं घेण्याचा त्यांचा बेत होता, तो त्यांनी रद्द केला. त्या पिल्लांसाठी नाव नोंदवलेल्यांचे पैसे परत गेले.