मशीन धड आहे तोवर कॉपी घे

बाळा, आता लालबागचं दुकान तू बघणार. हत्यारांची पेटी तुझ्या ताब्यात दिली, पण प्रेसवाल्यांची आणि डीटीपीवाल्यांची मशिनं उघडून जे शिकलो ते तोंडानंच सांगावं लागेल.

पहिली गोष्ट. ड्रायव्हरचा बॅकअप मशीन नीट चालत असतानाच घ्यायचा. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर एका मंडळाचा अहवाल छपाईला जायचा होता. मशीन रेंगाळतंय म्हणून मी विंडोज नव्यानं टाकलं. विंडोज झकास चाललं, पण मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालतच नाही तो डाँगल, मशीन ओळखेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण. पानं तयार, पण एकही उघडेना. लॉकच्या ड्रायव्हरची सीडी कधीच हरवलेली. लॅमिंग्टन रोड पालथा घातला, पण इतका जुना ड्रायव्हर कुणाकडेच नव्हता. शेवटी गिरगावातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मशीनमधून तो काढून आणला, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मंडळाची पोरं दुकानाच्या पायरीवर बसून होती. ती रात्र मी विसरलो नाही.

बॅकअपला विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आहे. पेन ड्राइव्हवर आधी फोल्डर बनव. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड. ‘पीएनपीयूटिल’ लिही, जागा सोडून ‘स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर’, मग स्टारची खूण, मग फोल्डरचा पत्ता. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्यात येतात. परत टाकताना डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’ घेऊन हाच फोल्डर दाखवायचा. मात्र स्कॅनरचा प्रोग्राम, प्रिंटरची शाई दाखवणारी खिडकी असलं काही यात येत नाही. त्यांचे मूळ सेटअप वेगळे जपायचे. लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर तर हाताशीच हवा. तो नसेल तर नेट नाही, आणि नेट नाही म्हणजे बाकीचे उतरवणार कसे?

दुसरी गोष्ट. नवा आला म्हणून ड्रायव्हर टाकायचा नाही. काही अडत असेल, किंवा कंपनीनं सुरक्षेचं कारण दिलं असेल, तरच. तोही कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मधून. फुकटची सॉफ्टवेअरं तीस ड्रायव्हर जुने म्हणून लाल अक्षरांत दाखवतात आणि गिऱ्हाईक घाबरतं. त्याला समजावून सांग: विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की तोच नवा ठरतो. तारीख जुनी म्हणून ड्रायव्हर बिघडलेला नसतो.

तिसरी गोष्ट. एका वेळी एकच. आधी रिस्टोअर पॉइंट, मग ड्रायव्हर, मग मशीन बंद-चालू करून प्रिंट काढून बघायची. बिघडलं तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’. पाच एकदम टाकलेस तर कुणी घोळ घातला ते कळणार नाही. दुकानात चार मशिनं असतील तर आधी एकावर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. ते अपडेट सगळीकडे एकदमच गेलं होतं.

चौथी गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. लोक ११ मागतील. ते फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यात ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. जुना प्रिंटर आणि लॉक यांचे ड्रायव्हर मिळतात का, हे मशीन हातात घेण्याआधी बघ आणि गिऱ्हाइकाला तेव्हाच सांग.

शेवटचं. पेन ड्राइव्ह मशीनच्या शेजारी, खालच्या खणात ठेवायचा नाही. हिंदमाताला पाणी भरलं की काय होतं ते परळकरांना विचार. एक कॉपी दुकानात वरच्या फळीवर, एक घरी. माझ्या फळीवर प्रत्येक गिऱ्हाइकाचं पाकीट आहे. वर मशीनचं मॉडेल आणि बॅकअपची तारीख. त्या लॉकचा ड्रायव्हरही तिथेच आहे. आषाढात एकदा सगळी पाकिटं उघडून तपास, म्हणजे भाद्रपदात कुणाला तुझ्या पायरीवर रात्र काढावी लागणार नाही.