पाठ मात्र एकच

स्मरणिका आणि पत्त्यांचा कॅट, दोन्ही गावाने मिळून काढायचे म्हटले तर काम वरवर सारखंच वाटतं. वीस-पंचवीस जणांकडून चित्रं आणि मजकूर मागवायचा, एकाने जुळवाजुळव करायची, वर्गणीतून छपाई भागवायची. पण स्मरणिकेतलं एखादं पान फसलं तर वाचणारा ते उलटून पुढे जातो. कॅटात एक पत्ता फसला की उरलेले एकावन्न त्याच्याबरोबर बाद होतात. ज्याची पाठ किंचित फिकी किंवा ज्याची कड अर्धा मिलिमीटर जास्त, तो पत्ता मेंढीकोटाच्या दुसऱ्याच डावात पाठमोरा ओळखू येतो. मग तो कॅट खेळायचा राहत नाही, कपाटात ठेवायचा होतो. म्हणून अशा कामाला निघालेल्यांना माझं एकच सांगणं असतं. चित्रं कितीही हातांची असू द्या, पण आकार, समास, खुणेची जागा आणि पाठ या गोष्टी पहिलं चित्र मागवण्याच्या आधी एका माणसाने ठरवून कागदावर उतरवलेल्या असल्या पाहिजेत. हा क्रम उलटा झाला की पुढे कितीही धावपळ केली तरी काम सावरत नाही.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे, सावंतवाडीच्या गंजिफ्यात, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांत. दशावतारी गंजिफ्याची पानं 120, गोल. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. पाच अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का वरचढ. प्रत्येक अवताराची खूण ठरलेली. परशुरामाची कुऱ्हाड, वामनाचा कमंडलू. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत होईपर्यंत घोटायचं, मग रंग आणि शेवटी लाख. इतक्या पायऱ्यांच्या कामात खळ लावणारा हात आणि रेघ ओढणारा हात वेगळा असला तरी बिघडत नव्हतं, कारण कोणत्या पानावर काय यायचं याबद्दल शंकेला जागाच नव्हती. छापील पत्त्यांनी बाजार घेतल्यावर ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा उभी केली. नव्या हातांना ती उचलता आली, यामागे या पक्क्या व्याकरणाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. जे ठरलेलं असतं ते शिकवता येतं. प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेलं शिकवता येत नाही आणि दुसऱ्याच्या कामाशी जुळवताही येत नाही.

याच गंजिफ्यात दोन प्रती असत. दरबार कलमाच्या पानांना नक्षीची किनार, बाजार कलमाची पानं साधी, बिनकिनारीची. छापायला निघालेल्यांनी या फरकाकडे नीट पाहावं. चितारी आधी कापलेल्या चकतीवर किनार काढतो. कड समोर असते आणि रेघ कडेच्या अंगाने जाते. छापखान्यात याच्या अगदी उलट. किनार आधी छापली जाते आणि पातं नंतर चालतं. मोठ्या शीटचा गठ्ठा कापताना एक मिलिमीटर इकडेतिकडे होणं ही चूक धरली जात नाही, ती त्या कामाची रीतच आहे. आता पाठीवर तीन मिलिमीटरची पांढरी चौकट ठेवली असेल तर तेवढ्या सरकण्याने एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर उरतात. एका बाजूची पट्टी दुसरीच्या दुप्पट! कोणाच्याही डोळ्याला ते खटकतं, आणि शीटच्या वेगवेगळ्या भागांतले पत्ते वेगवेगळे सरकलेले असले तर पाठीवरून पत्ता कळतो. गावच्या पहिल्या कॅटाची पाठ बाजार कलमासारखी असावी: बिनचौकटीची, सगळीकडे सारखी दिसणारी बारीक नक्षी, कडेपलीकडे तीन मिलिमीटर जादा छापलेली. चौकटीचा मोह समितीतल्या कोणाला तरी होतोच. तो तिथेच थांबवावा.

उदाहरणाला आपल्या विंचूर गावाचाच कॅट करायचा म्हटलं तर विषयांची वाण नाही. कांदा एक रंग, द्राक्षं दुसरा. तिसरा नांदूर मधमेश्वरचं पाणी आणि पाखरं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ रामसर यादीत गेल्याचं 2020 साली जाहीर झालं आणि तो मान मिळवणारं राज्यातलं पहिलं ठरलं. चौथा इतिहास, विठ्ठल शिवदेव विंचूरकरांपासून पुढचा. पानिपतात लढलेल्या या सरदाराच्या आडनावात गावाचं नाव आजही चालतं. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार गावात, वाइन पार्क गावाच्या हद्दीत, शेजारी येवल्याची पैठणी. एवढं भरलेलं ताट समोर असलं की बैठकीत नावं वाढत जातात आणि बावन्नाची अठ्ठावन्न होतात. छापखान्याला आधी विचारावं की एका शीटवर किती पत्ते बसतात. उत्तर चोपन्न आलं आणि गावाने अठ्ठावन्न चित्रं मंजूर केलेली असली, तर वरच्या चार पत्त्यांसाठी अख्खी दुसरी शीट आणि प्लेटांचा दुसरा संच लागतो. आकडा आधी ठरवून चित्रं नंतर मागवली तर कोणाला नाही म्हणायची वेळ येत नाही. उलट केलं तर चार घरं दुखावतात, आणि गावात ते दुखणं छपाईच्या बिलापेक्षा जास्त काळ टिकतं.

चित्र मागवताना एक चिठ्ठी द्यावी आणि तिच्यात मापं लिहावीत. नेहमीचा पत्ता 63 × 88 मिलिमीटर. चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जादा धरून 69 × 94. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे फाइल निदान 815 × 1110 पिक्सेलची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत दाबलं जातं, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. चेहरा, अक्षर, खूण यांतलं काहीही कापायच्या रेषेच्या आत तीन मिलिमीटरपर्यंत येऊ नये. मोबाइलच्या पडद्यावर झगझगीत दिसणारा पोपटी किंवा निळा चार शाईंच्या छपाईत मंद होतो, हेही चिठ्ठीतच लिहावं. नाहीतर चित्रकाराला वाटतं की आपलं काम कोणीतरी बिघडवलं.

अक्षरांचं तर वेगळंच प्रकरण आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर जुन्या कोरलमध्ये उघडला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाऊन बसते. आपल्या गावाचं नावच त्या वेलांटीने सुरू होतं! ‘विंचूर’ मोडतं, ‘द्राक्ष’ही मोडतं, आणि छापखान्यातल्या घाईत ते कोणाच्या लक्षात येईलच असं नाही. पत्त्यांवरचा सगळा मजकूर एकाच माणसाने, एकाच फॉन्टमध्ये लावावा, अक्षरं कर्व्ज करूनच फाइल द्यावी आणि नंतर ती पडद्यावर न वाचता कागदावर वाचावी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की इतकी बंधनं घातली तर ते गावाचं काम कसलं, एका माणसाचं झालं. आक्षेप मनापासूनचा असतो, पण तो बंधन आणि नक्कल यांची गल्लत करतो. नाशिकरोडच्या प्रेसची टपाल तिकिटं आपल्या जिल्ह्यात कोणाला माहीत नाहीत? एकाच मालिकेतल्या तिकिटांवर चित्रं वेगवेगळी, पण माप एक, दातेरी कड एक. त्यामुळे कोणत्याही चित्राचं काही कमी झालं नाही. ही तिकिटं 1920 च्या दशकात नाशिकला छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत, आणि ही कंपनी खेळायच्या पत्त्यांच्या छपाईसाठीही नावाजलेली होती. सारख्या मापाच्या हजारो तुकड्यांवर वेगवेगळी चित्रं उतरवणं, मुळात दोन्हीकडचं कसब हेच. शाळेतल्या मुलाचं वेडंवाकडं बगळ्याचं चित्र पत्त्यावर जसंच्या तसं यावं, त्याची रेघ कोणी सरळ करू नये, या मताचा मी आहे. एक माणूस सांभाळतो ती फक्त त्या बगळ्याभोवतीची जागा.

दुसरा आक्षेप पैशाचा. आता डिजिटल छपाई आहे, पन्नास कॅट छापू, चुकलं तर पुन्हा छापू, असं सांगितलं जातं. थोड्या प्रतींना डिजिटल बरी, हे खरं. प्लेटांचा खर्च वाचतो. पण प्रती शेकड्यांत गेल्या की ऑफसेटच परवडते. आणि एक धोका डिजिटलनेही टळत नाही. गहाळ झालेला एक पत्ता सहा महिन्यांनी पुन्हा छापून आणला तर त्याची पाठ जुन्या पाठीशी रंगाने तंतोतंत जुळेल याची खात्री कोणी देत नाही. चुकलेले पत्ते सुटे सुटे बदलून कॅट दुरुस्त होत नाही, म्हणून पहिल्याच खेपेला पूर्ण शीट थोड्या जादा छापून ठेवाव्यात. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करावं. एकाच बाजूला केलं तर दमट हवेत पत्ता वळतो.

हक्काचा विषय लोक संकोचाने टाळतात. आपलीच माणसं, लिहून काय घ्यायचं? पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सहसा चित्रकार असतो, आणि हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. सहाव्या वर्षी गावाने कॅट पुन्हा छापायला काढला, किंवा परदेशातल्या घरांनी मागवला, की हे दोन न लिहिलेले शब्द आडवे येतात. लहान मुलांच्या चित्रांसाठी पालकांची सही घ्यावी. प्रत्येक चित्रकाराचं नाव एका जादा पत्त्यावर छापावं. शीटवर चोपन्न बसत असतील तर बावन्नाव्यतिरिक्तच्या दोन जागा त्यासाठीच आहेत.

आणि पडद्यावरचं प्रूफ पाहून सही करू नये. त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनचा, कापलेला एक पूर्ण कॅट मागावा. तो चित्रं न काढलेल्या चार जणांना द्यावा, संध्याकाळी बल्बच्या उजेडात, आणि दोन-तीन डाव मेंढीकोट खेळायला सांगावा. पानं हातात पंख्यासारखी धरली की कोपऱ्यातली खूण दिसते का, कांद्याची सत्ती आणि द्राक्षाची सत्ती एका नजरेत वेगळ्या कळतात का, हे त्यांनाच विचारावं. मग कॅट पिसून पालथा पसरावा आणि एखादा पत्ता पाठीवरून ओळखता येतो का ते बघायला त्यांना सांगावं. एकानेही बोट ठेवून पत्ता बरोबर सांगितला तर छपाई थांबवावी.