गोगलगाय आवरा, पण कुत्रा-कोंबडी सांभाळून

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून वेगळ्याच असणाऱ्या माणसासाठी वापरतो. गोगलगायीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. ती ज्यावर सरकते तो तिचा पाय म्हणजे पोटाखालचा रुंद स्नायू. म्हणून जीवशास्त्राच्या पुस्तकात या प्राण्यांना ‘उदरपाद’ म्हणतात. आवाज नाही, चावा नाही, पळापळ नाही. पण पहिला पाऊस झाला की परसातली काकडीची रोपे एका रात्रीत बुडापासून साफ होतात.

मग आपण घाईने दुकानातून विष आणतो. त्या विषाने गोगलगायी मरतात, पण पुष्कळदा राखणीचा कुत्रा आणि अंड्यावरची कोंबडीही जाते. वाडीवरच्या घरात कुत्रा म्हणजे रात्रीचा पहारेकरी. चार कोंबड्या म्हणजे आजारपणात किंवा शाळा सुरू होताना मोडता येणारी शिल्लक. म्हणून या अंकाचा धडा असा: गोगलगायी आवरायच्या, पण घरातले मुके जीव आणि लहान मुले सांभाळून. बचतगटात, बालवाडीच्या पालकसभेत हा धडा वाचून दाखवावा.

शत्रू ओळखा

आपल्या घराभोवती मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक बिनशंखाची गोगलगाय. ती काळपट, चिकट असते आणि मोरीजवळ, लाकडांच्या ढिगाखाली राहते. दुसरी मोठी शंखी गोगलगाय. तिचा शंख तपकिरी, लांबट, टोकदार असतो आणि त्यावर उभे गडद पट्टे असतात. पूर्ण वाढ झाली की ती तळहातात मावत नाही.

ही मोठी गोगलगाय आपल्याकडची नाही. तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. मराठवाड्याने तिचा मोठा फटका २०२२ च्या खरिपात सोसला. लातूर, बीड आणि धाराशिव भागात उगवलेले सोयाबीन गोगलगायींनी खाल्ले आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली.

पनवेलच्या बाजूला तिला काय कमी? पाऊस सुमारे तीन हजार मिलिमीटर, जमीन चार महिने ओली. नर्सरीतली कुंडी, भरावाची माती, शेणखत, विटा यांच्याबरोबर तिची अंडी आणि पिल्ले एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. फार्महाऊसच्या बागेत आलेली गोगलगाय पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीत येते.

एक मात्र लक्षात ठेवा. रानातल्या सगळ्या गोगलगायी मारायच्या नाहीत. सह्याद्रीतल्या अनेक लहान गोगलगायी जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. त्या पालापाचोळा कुजवतात आणि आपल्या पिकाला हात लावत नाहीत. आपल्याला आवरायची आहे ती घराभोवतीची मोठी शंखी आणि रोपे खाणारी बिनशंखाची.

तिचे वर्ष समजून घ्या

उन्हाळ्यात ती दगडाखाली, भिंतीच्या फटीत शंखाचे तोंड बंद करून महिनोन् महिने झोपते. पहिल्या पावसाने जागी होते आणि खायला सुटते. या जातीत नर-मादी वेगळे नसतात, दोन्ही इंद्रिये एकाच अंगात असतात. त्यामुळे प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते. अंडी साबुदाण्यासारखी गोल, पिवळट-पांढरी असतात आणि भुसभुशीत मातीत थोड्या खोलीवर पुंजक्याने सापडतात. एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज असतात. साधारण आठ दिवस ते तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात.

यावरून कामाची वेळ ठरते. जूनमध्ये उचललेली एक मोठी गोगलगाय म्हणजे ऑगस्टमधली शंभर कमी. तेव्हा खरा जोर पावसाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लावायचा. तिने अंडी घातल्यावर तेच काम शंभरपट होते.

विष कसे फसवते

गोगलगायींसाठी दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाइड नावाचे औषध असते, शंभर भागांत अडीच भाग. गोळी कोंड्याची असते, कारण गोगलगायीने ती खावी म्हणून तिला वास आणि चव दिलेली असते. तोच वास कुत्र्यालाही ओढतो.

हिशेब करून पाहा. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला साधारण शंभर मिलिग्रॅम मेटाल्डिहाइड प्राणघातक ठरू शकते. आपला गावठी कुत्रा दहा किलोचा धरला तर त्याला एक ग्रॅम विष पुरते. एक ग्रॅम विष चाळीस ग्रॅम गोळ्यांत असते, म्हणजे जेमतेम मूठभर. आजारी पडायला तर याहून कमी लागते. कोंबडीचे वजन दीड किलो, तिचा हिशेब तुम्हीच करा.

शेतात हे औषध एकरी सुमारे दोन किलो विखरून टाकायला सांगतात. म्हणजे एका चौरस मीटरला फक्त अर्धा ग्रॅम. घराजवळ मात्र आपण दाराशी, कुंडीशी मुठीने ढीग घालतो. ढीग दिसला की कुत्रा तो एका दमात चाटून टाकतो. पक्ष्यांना आणि इतर प्राण्यांना होणाऱ्या धोक्यामुळे ब्रिटनने २०२२ पासून हे औषध उघड्यावर वापरायला बंदी केली आहे.

त्याहून वाईट म्हणजे थिमेट. साप येऊ नये, गोगलगाय येऊ नये म्हणून घराभोवती थिमेटचे दाणे टाकायची सवय गावोगावी आहे. त्यातले फोरेट हे विष माणसालाही मारते. त्यावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना डबा घरात असेल तर तो वापरू नका, ओढ्यात टाकू नका, जाळू नका. मुलांच्या हाताबाहेर बंद ठेवा आणि कृषी सहायकाला दाखवून विल्हेवाट विचारा.

आपल्यातले बरेच भाऊ-बहिणी फार्महाऊसवर माळीकाम करतात. मालकाने आणलेले औषध तेच टाकतात आणि उरलेली पुडी घरी आणतात. अशी पुडी घरी आणू नका. पाकिटावरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका: लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्यातल्या त्यात कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मालकाला सांगायला संकोच करू नका, ‘साहेब, तुमचा कुत्रा मोकळा फिरतो, मी संध्याकाळी हाताने वेचून देतो.’

बिनविषाचे सहा उपाय

१. लपायच्या जागा काढा. गोगलगायीला दिवसा ओल आणि अंधार लागतो. सरपण दोन दगडांवर फळी टाकून उंच रचा. फुटकी कौले, पडलेले पत्रे, ओल्या गोण्या भिंतीलगत ठेवू नका. मोरीचे पाणी साचू न देता चर काढून केळीच्या किंवा अळवाच्या आळ्याकडे न्या. घराभोवती दोन हात जागा गवत काढून मोकळी ठेवा. झाडांना पाणी द्यायचे तर सकाळी द्या. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर तिच्याच उपयोगी पडते.

२. गोणपाटाचा सापळा. हा आपल्याला सर्वात सोपा. रिकामे बारदान गुळाच्या पाण्यात भिजवा आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा. रात्री चरून गोगलगायी पहाटे त्याखाली शिरतात. सकाळी उलटा आणि वेचा. बारदान नसेल तर पपईची पाने किंवा कोबीची बाहेरची पाने पसरली तरी चालते. यात कुत्र्याला किंवा कोंबडीला अपाय होईल असे काही नाही.

३. हाताने वेचणे. दिवेलागणीनंतर दोन तास आणि पहाटे उजाडताना बॅटरी घेऊन फिरा. हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा हातमोजा हवाच, उघड्या हाताने नको. पायाने चिरडू नका. चिरडलेल्या गोगलगायीचे तुकडे अंगणात पसरतात आणि ते कोंबड्या नि कुत्री खातात. एकाच घराने वेचून भागत नाही. गोगलगायीला कुंपण कळत नाही, म्हणून सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात वेचावे.

४. वेचलेल्यांची विल्हेवाट. झाकणाच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक किलो जाडे मीठ विरघळवा आणि गोगलगायी त्यात रात्रभर ठेवा. झाकण घट्ट हवे, कारण जनावराने ते खारे पाणी प्यायले तर त्यालाही बाधते. सकाळी पाणी काढून टाका, पण झाडांच्या मुळाशी नको. मेलेल्या गोगलगायी दोन फूट खोल खड्ड्यात पुरा, वर चुना घाला, मग माती आणि एक जड दगड. दगड नसेल तर कुत्रा रात्री उकरतो. मीठ थेट वाफ्यात कधीही टाकू नका. माती खारवते आणि गोगलगायीच्या आधी रोप मरते.

५. अंडी शोधा. वाफे खुरपताना, कुंडीची माती बदलताना, शेणखत पसरताना साबुदाण्यासारखे पुंजके दिसले की उचलून त्याच मिठाच्या पाण्यात टाका. नर्सरीतून आणलेली कुंडी आधी खालून आणि कडेने तपासा.

६. रोपाभोवती आडोसा. कोवळ्या रोपावर तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली उपडी घाला आणि बूच काढून ठेवा. चुलीची राख कोरडी असेपर्यंतच काम करते. पडवीच्या आत तिचा पट्टा चालेल, पण उघड्या वाफ्यावर पनवेलच्या पावसात ती तासभरही टिकत नाही. अंड्याच्या टरफलांवर आणि तांब्याच्या पट्टीवर फार भरवसा ठेवू नका. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये असे घरगुती अडथळे बागेत तपासले, तेव्हा रोपांचे नुकसान कमी झालेले दिसले नाही. तंबाखूची भुकटी आणि कळीचा चुना हे शेतबांधाच्या कामाचे, अंगणातले नव्हेत. तंबाखू कुत्र्याला विषारी असते आणि चुन्याने पंजे नि नाक भाजते.

रानातले मदतनीस

बदके बिनशंखाच्या आणि लहान गोगलगायी आवडीने खातात. भारद्वाज पक्षी मोठी शंखी गोगलगायही फोडून खातो. आणि मे-जूनमध्ये झाडे उजळवणारे काजवे! त्यांच्या अळ्या जमिनीवर राहून गोगलगायीच खातात. अंगणात विष टाकले की हे मदतनीस आधी जातात आणि पुढच्या वर्षी गोगलगायी जास्त होतात.

आरोग्याचा एक इशारा

उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत उंदराच्या लेंडीतून गोगलगायीत जातो. अशी कच्ची गोगलगाय किंवा तिचा तुकडा पोटात गेला तर तो जंत माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. कुत्र्यालाही बाधतो, मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून मुलांना गोगलगायीशी खेळू देऊ नका. वेचल्यावर हात साबणाने धुवा. टाकळा, कुर्डू, फोडशी अशा पावसाळी भाज्यांच्या पानांत बारीक गोगलगाय चिकटलेली असते. पाने एकेक निवडा, दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि शिजवूनच खा. उंदीर कमी तर हा जंतही कमी, म्हणून धान्य आणि उष्टे झाकून ठेवा.

जनावराने विष खाल्ले तर

मेटाल्डिहाइडची लक्षणे अर्ध्या तासापासून काही तासांत दिसतात: लाळ, धाप, अस्वस्थपणा, अंग थरथरणे, झटके, अंग तापणे. यावर उतारा नाही, वेळेवर उपचार हाच आधार. मीठपाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. झटके येत असताना तोंडात काहीही घातले तर ते श्वासनलिकेत जाते. जनावराला सावलीत, शांत जागी ठेवा. औषधाचे पाकीट बरोबर घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा विनामूल्य क्रमांक आहे. माणसाने, विशेषतः मुलाने विष खाल्ले तर लगेच १०८ ला फोन करा.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या वाडीत गोगलगायी दिवसा कुठे लपतात? प्रत्येकाने आपल्या घराच्या तीन जागा सांगाव्यात.
२. कोणाच्या घरी थिमेट किंवा बिनचिठ्ठीचे विष पडून आहे? ते कुठे ठेवले आहे?
३. साडेसात किलोच्या कुत्र्याला किती ग्रॅम गोळ्या प्राणघातक ठरू शकतील? (उत्तर: तीस ग्रॅम.)

या आठवड्याची कृती: एक दिवस ठरवा. संध्याकाळी प्रत्येक घराने एक गुळाचे बारदान पसरावे. सकाळी सगळ्यांनी मिळून वेचावे, मोजावे आणि एकाच खड्ड्यात पुरावे. आकडा बालवाडीच्या फळ्यावर लिहून ठेवा. दर आठवड्याला तेच करा. आकडा उतरत गेला की समजा, उपाय लागू पडला.